मुंबई–नागपूर विमानप्रवास : हवाई अंतर, लागणारा वेळ आणि शहापूर–मुरबाडहून खरा हिशेब

अशोक विजयादशमी आणि १४ ऑक्टोबर जवळ आले की आपल्या वस्त्यांमध्ये दीक्षाभूमीला जाण्याची बोलणी सुरू होतात. वर्षानुवर्षे ही बोलणी रेल्वेच्या विशेष गाडीची किंवा वर्गणी काढून ठरवलेल्या बस-जीपची असत. आता नोकरीला लागलेली मुले-मुली विचारतात, "विमानाने गेलो तर? दीड तासात नागपूर." नागपूरला मुलाखत, परीक्षा, खंडपीठातली तारीख किंवा हिवाळी अधिवेशनावरचा मोर्चा असला, तरी हाच प्रश्न येतो.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत काम करताना आम्हाला हा प्रश्न इतक्या वेळा ऐकावा लागला, की त्याचे सविस्तर उत्तर एकदा लिहून ठेवावे असे वाटले. मुंबई आणि नागपूर या दोन विमानतळांमधले अंतर किती, ते कसे मोजतात, विमानाला किती वेळ लागतो आणि किन्हवलीच्या किंवा टोकावड्याच्या माणसाला प्रत्यक्षात किती वेळ लागतो, याची माहिती पुढे दिली आहे. हा लेख जपून ठेवावा आणि प्रवास ठरवताना काढून पाहावा.

थोडक्यात आकडे

• मुंबई : छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ. तिकिटावरचा संकेत बीओएम.
• नागपूर : डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ, सोनेगाव. तिकिटावरचा संकेत एनएजी.
• दोन्ही विमानतळांमधले सरळ हवाई अंतर : सुमारे ६८३ किलोमीटर, म्हणजे सुमारे ३६९ सागरी मैल.
• वेळापत्रकातला विमानाचा वेळ : साधारण १ तास २५ मिनिटे ते १ तास ४० मिनिटे.
• रेल्वेचे अंतर : मुंबई सीएसएमटी ते नागपूर ८३७ किलोमीटर. वेळ गाडीनुसार साधारण ११ ते १५ तास.
• समृद्धी महामार्ग : आमणे ते नागपूर ७०१ किलोमीटर. मोटारीने सुमारे ८ तास.

हवाई अंतर कसे मोजतात

पृथ्वी गोल असल्यामुळे तिच्यावरच्या दोन ठिकाणांमधले सर्वांत कमी अंतर मोठ्या वर्तुळाच्या कमानीवर मोजतात. मुंबई विमानतळ साधारण १९.०९ अंश उत्तर अक्षांश आणि ७२.८७ अंश पूर्व रेखांशावर आहे. नागपूर विमानतळ २१.०९ उत्तर आणि ७९.०५ पूर्व या ठिकाणी आहे. म्हणजे नागपूर मुंबईच्या उत्तरेला २ अंश आणि पूर्वेला सुमारे ६.१८ अंश आहे.

हिशेब घरीही करता येतो. आपल्या भागात अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे ११०.७ किलोमीटर, तर रेखांशाचा एक अंश सुमारे १०४.६ किलोमीटर. उत्तर दिशेला सुमारे २२२ आणि पूर्व दिशेला सुमारे ६४६ किलोमीटर येतात. शाळेत शिकलेला पायथागोरसचा नियम लावला की उत्तर ६८३ च्या आसपास निघते. इतक्या लहान अंतरावर पृथ्वीच्या गोलाईमुळे फारसा फरक पडत नाही. दहावीच्या मुलांच्या अभ्यासवर्गात हे उदाहरण जरूर सोडवून घ्यावे.

रेखांशाच्या या फरकामुळे नागपूरला सूर्य मुंबईपेक्षा सुमारे २५ मिनिटे आधी माथ्यावर येतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच, कारण भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरवलेली आहे. म्हणून तिकिटावरच्या दोन वेळा सरळ वजा केल्या की प्रवासाचा वेळ मिळतो.

आता आपल्या तालुक्याशी संबंधित एक गोष्ट. नकाशावर मुंबई विमानतळापासून नागपूर विमानतळापर्यंत सरळ रेषा ओढली, तर ती मुरबाड शहराच्या अगदी जवळून जाते. मुंबई विमानतळापासून मुरबाडचे सरळ अंतर सुमारे ५८ किलोमीटर आणि शहापूरचे सुमारे ६३ किलोमीटर. विमानाला एवढ्या अंतरासाठी दहाएक मिनिटे लागतात. प्रत्यक्ष विमाने ठरवून दिलेल्या हवाई मार्गांनी जातात. मुंबईत तर बहुतेक वेळा ती आधी समुद्राच्या दिशेने उड्डाण करून मग वळतात. त्यामुळे प्रत्येक विमान मुरबाडवरूनच जाईल असे नाही. पण नागपूरला विमानाने जाणारा आमच्या भागातला माणूस आधी नागपूरच्या उलट दिशेने जातो, हे नकाशावर स्पष्ट दिसते.

पाऊण तासाचा दीड तास का होतो

प्रवासी जेट विमान उंचीवर ताशी ८०० ते ८५० किलोमीटर वेगाने जाते. त्या वेगाने ६८३ किलोमीटरला जेमतेम ५० मिनिटे लागतील. तरी तिकिटावर दीड तास असतो, त्याची कारणे अशी :

एक, वेळापत्रकातला वेळ म्हणजे ब्लॉक टाइम. विमान फलाटासारख्या आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसरीकडच्या जागेवर उभे राहीपर्यंतचा हा वेळ. धावपट्टीपर्यंत जाणे आणि रांगेत थांबणे त्यातच येते.

दोन, चढताना आणि उतरताना विमान पूर्ण वेगाने जात नाही. एवढ्या लहान प्रवासात बराचसा वेळ चढण्या-उतरण्यातच जातो.

तीन, मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दी झाली की विमानांना जमिनीवर किंवा आकाशात थांबावे लागते. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर देखभालीसाठी धावपट्ट्या काही तास बंदही ठेवतात. पावसाळ्यानंतरचे हे काम अनेकदा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येते, म्हणजे आपल्या दीक्षाभूमीच्या दिवसांच्या आगेमागे. तिकीट काढताना हे लक्षात असू द्यावे.

चार, वारा. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. ते नागपूरला जाताना मागून ढकलतात आणि परत येताना समोरून अडवतात. म्हणून जाण्याच्या आणि येण्याच्या वेळेत पाच-दहा मिनिटांचा फरक दिसू शकतो.

या हवाई मार्गाचा इतिहास

नागपूर देशाच्या मध्यभागी असल्याने विमानसेवेत त्याला सुरुवातीपासून महत्त्व होते. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि तेव्हाचे मद्रास या चार शहरांतून रात्री विमाने निघत, मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि सकाळपर्यंत परत जात. मुंबईत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कोलकात्याला पोहोचे, ते नागपूरमुळे.

ऑक्टोबर १९५६ मध्ये बाबासाहेब धम्मदीक्षेसाठी दिल्लीहून विमानाने नागपूरला आले. १४ ऑक्टोबरला त्यांनी दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. ते लाखो लोक मात्र रेल्वेने, बैलगाडीने आणि पायी आले होते. त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, तोच ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांचे पार्थिव त्या रात्री विमानाने नागपूरमार्गे मुंबईला आणण्यात आले आणि ७ डिसेंबरच्या पहाटे सांताक्रूझ विमानतळावर उतरवण्यात आले. दादरच्या समुद्रकिनारी जिथे अंत्यसंस्कार झाले, ती जागा आज चैत्यभूमी आहे.

म्हणजे या हवाई मार्गाच्या एका टोकाला दीक्षाभूमी आहे आणि दुसऱ्या टोकाला चैत्यभूमी. नागपूरच्या विमानतळाला बाबासाहेबांचे नाव आहे. त्या विमानतळावर उतरणाऱ्यांत आपल्या पाड्या-वाड्यांतले किती जण असतात, हा प्रश्न या लेखाच्या शेवटी येईल. आधी हिशेब पूर्ण करू.

शहापूरहून विमानाने

किन्हवली परिसरातल्या एका वस्तीवरून दिवसाच्या विमानाने निघालो, तर वेळ साधारण असा जातो :

• घरापासून आसनगाव स्टेशन, जीप किंवा एसटीची वाट पाहण्यासह : १ तास
• आसनगाव ते घाटकोपर, जलद लोकल : १ तास ३० मिनिटे
• घाटकोपरहून मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथे मेट्रो ३ मध्ये बदलून टर्मिनल २ : ४० मिनिटे
• विमानतळावर आधी पोहोचणे : २ तास
• विमान : १ तास ३० मिनिटे
• उतरून सामान घेऊन बाहेर पडणे : ३० मिनिटे
• विमानतळ ते दीक्षाभूमी : ३० मिनिटे

एकूण ७ तास ४० मिनिटे. त्यात प्रत्यक्ष विमानाचा वाटा जेमतेम पाचवा हिस्सा आहे. विमान हलेपर्यंतच ५ तास १० मिनिटे गेलेली असतात.

मुरबाडहून विमानाने

मुरबाड तालुक्यात रेल्वे नाही. कल्याण–मुरबाड रेल्वेमार्गाला मंजुरी मिळाली, निवडणुकांत त्याची भाषणे झाली, पण गाडी अजून आलेली नाही. म्हणून पहिला टप्पा पूर्णपणे रस्त्यावर अवलंबून आहे.

• टोकावडे परिसरातून मुरबाड : ४५ मिनिटे
• मुरबाड ते कल्याण, एसटी : १ तास १५ मिनिटे
• कल्याण ते घाटकोपर, जलद लोकल : ४५ मिनिटे
• घाटकोपर ते टर्मिनल २ : ४० मिनिटे
• विमानतळावर आधी पोहोचणे : २ तास
• विमान : १ तास ३० मिनिटे
• बाहेर पडणे आणि दीक्षाभूमी : १ तास

एकूण ७ तास ५५ मिनिटे, तेही प्रत्येक गाडी लगेच मिळाली तर. एसटी चुकली आणि पुढच्या फेरीची वाट पाहावी लागली, की हा हिशेब नऊ तासांवर जातो.

दोन्ही तालुक्यांसाठी एक सूचना. पहाटे सहाचे विमान स्वस्त दिसते. पण त्यासाठी चारच्या सुमारास विमानतळावर असावे लागते, आणि त्या वेळेला पोहोचवणारी लोकलही नाही, मेट्रोही नाही. मग आदल्या रात्री निघून विमानतळावर रात्र काढा किंवा गाडी ठरवा. तिकिटात वाचलेले पैसे तिथेच जातात. परतीचे विमान रात्री उशिरा असेल, तरी हीच अडचण येते. कल्याणला उतरल्यावर मुरबाडच्या पुढे जाणारी शेवटची एसटी केव्हाच गेलेली असते. एकट्या मुलीला किंवा लहान मूल सोबत असलेल्या बाईला हे किती जड जाते, ते तिकीट काढणाऱ्याने आधी विचारात घ्यावे.

नवी मुंबई विमानतळाचा पर्याय

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमाने सुटू लागली. तिथून नागपूरचे सरळ अंतर मुंबई विमानतळापेक्षा सुमारे १५ किलोमीटरने कमी आहे. विमानाच्या वेळेत त्याने फरक पडत नाही. आपल्यासाठी महत्त्वाचे आहे ते जमिनीवरचे अंतर. कल्याणहून ठाणे, ठाण्याहून पनवेलच्या दिशेची लोकल आणि पुढे बस किंवा रिक्षा असे टप्पे करावे लागतात. तिकिटावर कोणता विमानतळ लिहिला आहे हे दोनदा वाचावे. मुंबई आणि नवी मुंबई यांत गल्लत झाली, तर दुसरीकडे वेळेत पोहोचणे जवळपास अशक्य आहे. मुंबई असेल, तर टर्मिनल १ की टर्मिनल २ हेही पाहावे.

रेल्वेने

मुंबईहून निघालेला रेल्वेमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. तो कसाऱ्याचा घाट चढून, नाशिक रोड, मनमाड, भुसावळ, वर्धा करत जातो, आणि आपल्या शहापूर तालुक्यातूनच जातो. पण विदर्भ, सेवाग्राम यांसारख्या गाड्यांसाठी आसनगावच्या माणसाला लोकलने ३२ किलोमीटर मागे कल्याणला यावे लागते. गाडीत बसल्यावर तासाभरात आसनगाव स्टेशन पुन्हा खिडकीतून मागे पडताना दिसते.

किन्हवलीकडून हिशेब असा : आसनगावपर्यंत १ तास, कल्याणपर्यंत ४५ मिनिटे, कल्याणला १ तास थांबणे, गाडी सुमारे १३ तास आणि नागपूर स्टेशन ते दीक्षाभूमी अर्धा तास. एकूण सव्वासोळा तास. टोकावड्याकडून सुमारे साडेसोळा तास. वेळ विमानाच्या दुप्पट आहे. पण यातली रात्र झोपेत जाते, सामानावर फारसे बंधन नसते आणि शयनयान डब्याचे भाडे शेतमजुराच्या घरालाही कसेबसे झेपते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आणि ६ डिसेंबरला मध्य रेल्वे विशेष गाड्याही सोडते. आजही आपला बहुसंख्य समाज याच मार्गाने जातो.

समृद्धी महामार्गाने

समृद्धी महामार्ग टप्प्याटप्प्याने खुला झाला. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी, आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. हा शेवटचा टप्पा शहापूर तालुक्यातून जातो आणि खुटघर येथे महामार्गावर चढता-उतरता येते. त्यामुळे शहापूरकरांना नागपूरला जाताना भिवंडीकडे मागे जावे लागत नाही. दिशा सरळ राहते.

हिशेब : घरापासून खुटघर १ तास, थांबे धरून महामार्गावर ८ तास, शिवमडक्याला उतरून दीक्षाभूमी ४५ मिनिटे. एकूण पावणेदहा तास. टोकावड्याकडून शहापूरला येण्याचा वेळ धरून सव्वादहा तास. पूर्वी जुन्या रस्त्यांनी याच प्रवासाला चौदा-पंधरा तास लागत. दुचाकी आणि तीनचाकीला या महामार्गावर बंदी आहे, हे मोटारसायकलने निघणाऱ्या तरुणांनी लक्षात घ्यावे.

हा वेळ कसा कमी झाला, हेही माहीत असावे. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यातल्या सरळांबे गावाजवळ पुलाचे काम चालू असताना गर्डर उभारण्याचे अवजड यंत्र कोसळले आणि २० जणांचा जीव गेला. त्यांतले बहुतेक परराज्यांतून पोटासाठी आलेले होते. आपण वाचवतो त्या पाच तासांत त्यांचे श्रम आहेत आणि त्यांचे मरणही आहे. त्याच वर्षी १ जुलैच्या पहाटे सिंदखेड राजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवासी मरण पावले. सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाला झोप लागते. म्हणून गाडी ठरवताना दोन चालक घ्यावेत, दर दोन तासांनी थांबावे आणि रात्रभर गाडी चालवण्याचा हट्ट धरू नये.

तिन्ही एकत्र पाहिले तर

किन्हवली परिसर ते दीक्षाभूमी :
• विमान : ७ तास ४० मिनिटे
• समृद्धी महामार्ग : ९ तास ४५ मिनिटे
• रेल्वे : १६ तास १५ मिनिटे

टोकावडे परिसर ते दीक्षाभूमी :
• विमान : ७ तास ५५ मिनिटे
• समृद्धी महामार्ग : १० तास १५ मिनिटे
• रेल्वे : १६ तास ३० मिनिटे

मुंबईत विमानतळाजवळ राहणाऱ्याला विमान आणि मोटार यांत चार-पाच तासांचा फरक पडतो. आपल्याकडे तो दोन-सव्वादोन तासांवर येतो. सात-आठ जण मिळून जात असतील, तर मोटारीचा खर्च वाटला जातो आणि दारातून दारापर्यंत सामानासह जाता येते. विमान उपयोगी पडते ते एकट्या-दुकट्या माणसाला, ठरलेल्या दिवशी ठरलेले काम असेल तेव्हा : मुलाखत, कोर्टाची तारीख, आजारपण. त्यातही मुलाखत सकाळची असेल, तर आदल्या दिवशीच पोहोचावे. दीड तासाच्या विमानावर विसंबून त्याच दिवशी निघण्याची जोखीम आपल्या भागातल्या उमेदवाराने घेऊ नये.

विमानाने जाणार असाल तर

पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

तिकिटावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव एकच असावे. आधार, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना यांपैकी एक मूळ ओळखपत्र सोबत ठेवावे.

देशांतर्गत विमानाच्या सामानाच्या खिडक्या साधारणपणे सुटण्याच्या ६० मिनिटे आधी बंद होतात. विमानात चढण्याचे दार २०-२५ मिनिटे आधी बंद होते. त्यानंतर विनवण्या करून उपयोग नसतो.

साध्या तिकिटावर सामान सहसा १५ किलो आणि हातातली पिशवी ७ किलो इतकेच चालते. दीक्षाभूमीवरून परतताना आपल्या लोकांकडे सर्वांत जड वस्तू असते ती पुस्तके. ग्रंथांचा गठ्ठा आणायचा असेल, तर टपालाने पाठवावा किंवा रेल्वेने येणाऱ्या सोबत्याकडे द्यावा. काडेपेटी आणि लायटर नेता येत नाही. पॉवर बँक हातातल्या पिशवीतच ठेवावी.

प्रवाशाचे हक्कही माहीत असावेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत ब्लॉक टाइमला महत्त्व आहे. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचे विमान दोन तास किंवा अधिक उशिराने सुटणार असेल, तर वेळेवर हजर असलेल्या प्रवाशांना कंपनीने खाणे-पिणे द्यायचे असते. उशीर सहा तासांपेक्षा जास्त असेल, तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो. आधी पुरेशी सूचना न देता विमान रद्द केले, तर एक ते दोन तासांच्या प्रवासासाठी ७,५०० रुपये किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांतली जी रक्कम कमी असेल ती भरपाई मिळते. खराब हवामानासारखे कंपनीच्या हाताबाहेरचे कारण असेल, तर ही भरपाई मिळत नाही. खिडकीवर नम्रपणे पण ठामपणे लेखी उत्तर मागावे. विमानतळावर आपण कुणाच्या उपकारावर उभे नसतो, तिकीट काढलेले प्रवासी असतो.

पहिल्या टप्प्याचा प्रश्न

आता तो राहिलेला प्रश्न. वरच्या सगळ्या हिशेबांत एक ओळ कोणत्याही मार्गाने चुकत नाही : घर ते स्टेशन, घर ते एसटी स्थानक, घर ते महामार्ग. बाकी टप्प्यांवर गेल्या काही वर्षांत मोठा खर्च झाला. मेट्रो आली, नवा विमानतळ आला, डोंगर फोडून बोगदे झाले. मात्र वस्तीपासून तालुक्याच्या गावापर्यंतचा वेळ बहुतेक ठिकाणी होता तेवढाच आहे. काही पाड्यांवर पावसाळ्यात आजही आजारी माणसाला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. ज्या शहापूर तालुक्यातल्या धरणांचे पाणी मुंबईला जाते, त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. रस्त्यांचेही तसेच आहे. मोठी वाट आपल्या शेतातून जाते आणि आपल्याला तिच्यावर चढायला पायवाट शोधावी लागते.

समाजशास्त्रात आपण शिकतो की अंतर सगळ्यांना सारखे नसते. ६८३ किलोमीटर हा आकडा सर्वांसाठी एकच. पण ज्याच्या घरापुढे गाडी उभी आहे त्याचे नागपूर आणि ज्याला पहिल्या एसटीसाठी तासभर चालायचे आहे त्याचे नागपूर, ही दोन वेगळी अंतरे आहेत. ज्याला पगारी रजा मिळते आणि ज्याची दोन दिवसांची मजुरी बुडते, त्यांच्यासाठीही तेच अंतर वेगळे होते. म्हणून कार्यक्रमाची वेळ ठरवताना, बैठक बोलावताना, मुलामुलींना परीक्षेला पाठवताना वेळ विमानतळापासून मोजू नये, शेवटच्या वस्तीपासून मोजावा. तालुक्याच्या गावी सकाळी नऊला ठेवलेल्या बैठकीला दूरच्या वाडीतल्या भगिनी येत नाहीत, त्यामागचे कारण अनेकदा उदासीनता नसते, पहिली एसटी असते.

यासाठी आपल्याला करता येण्यासारखी कामे आहेत. आपल्या बौद्धवाडीतून आणि शेजारच्या आदिवासी पाड्यातून स्टेशनपर्यंत किती वेळ लागतो, शेवटची एसटी किती वाजता येते आणि पावसाळ्यात कोणते दिवस रस्ता बंद असतो, याची नोंद प्रत्येक युवक मंडळाने वहीत ठेवावी. ती नोंद घेऊन ग्रामसभेत ठराव करावा, एसटीच्या आगार व्यवस्थापकांना निवेदन द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. कल्याण–मुरबाड रेल्वे, आसनगावला लांब पल्ल्याच्या एखाद्या गाडीचा थांबा, आणि निदान धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या व ६ डिसेंबरच्या विशेष गाड्यांना आसनगाव-कसारा येथे थांबा, या मागण्या आकड्यांसह मांडल्या तर टाळायला अवघड जातात. आकडे गोळा करायला पैसे लागत नाहीत. वही, पेन आणि दोन महिन्यांची चिकाटी पुरते.

येत्या विजयादशमीला ज्याला जे झेपेल त्या मार्गाने दीक्षाभूमीला जावे. विमानाने जाणाऱ्याने संकोच करू नये आणि रेल्वेने जाणाऱ्याने कमीपणा मानू नये. निघताना मात्र घराच्या उंबऱ्यावर घड्याळ पाहावे, पोहोचल्यावर पुन्हा पाहावे आणि मधले तास लिहून ठेवावेत. आपल्या मागण्यांचा पुढचा कागद त्या नोंदींवरूनच लिहायचा आहे.

जय भीम, नमो बुद्धाय.